घरासमोरच्या रस्त्यावरील भरधाव आणि कर्कश गाड्यांवर गतिरोधक हा उपाय आहे का?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन्ही बाजूंना घरे असलेला, सुमारे 500 मीटर लांबीचा एक सरळ रस्ता आहे. मुख्य रस्त्यावरील सिग्नल चुकवण्यासाठी अनेक चालक या रस्त्याने सुसाट निघून जातात, आणि रात्री अकरानंतर सायलेन्सर बदललेल्या दोन-तीन गाड्या रोज सगळ्यांची झोपमोड करतात. ‘वाहने सावकाश चालवा’ अशी पाटी लावून झाली, तिचा उपयोग झाला नाही, आणि आता घरासमोर गतिरोधक मागावा का, असे रहिवाशांना विचारायचे आहे. निवासी भागातील वाहतुकीचे नियोजन हेच माझे अनेक वर्षांचे काम असल्यामुळे थेट मुद्द्यावर येतो. ही एक तक्रार नसून दोन आहेत. वेग हा बहुतांशी रस्त्याच्या रचनेतून निर्माण होतो आणि त्या रस्त्याने जाणारे बहुतेक सगळेच चालक त्यात सामील असतात. कर्कश आवाज मात्र मोजक्या गाड्यांमध्ये मुद्दाम केलेल्या फेरफारातून येतो. पहिल्यासाठी रस्ता बदलावा लागतो, दुसऱ्यासाठी ती विशिष्ट गाडी शोधून तिच्या मालकाला ती मूळ स्थितीत आणायला लावावी लागते. दोन्ही तक्रारी एकाच अर्जात आणि एकाच गतिरोधकाच्या मागणीत गुंडाळल्या, तर बहुधा दोन्ही तशाच राहतात.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात ही चूक मी स्वतः केली आहे. अशाच एका रस्त्यावर तक्रार करणाऱ्या कुटुंबाच्या दारासमोर आम्ही एकच गतिरोधक बसवला आणि काम झाले असे समजून फाइल बंद केली. महिनाभराने त्या घरातील आजींनी मला बोलावून घेतले, खिडकीपाशी खुर्ची दिली आणि काही न बोलता ऐकायला सांगितले. प्रत्येक गाडी गतिरोधकाच्या आधी ब्रेक दाबत होती, टपावर किंवा डिकीत काही सैल असेल तर ते खडखडत होते, आणि चाके खाली उतरताच चालक गिअर बदलून पुन्हा जोरात एक्सिलरेटर दाबत होता. “पूर्वी गाडी दोन सेकंद ऐकू यायची, आता चांगली आठ-दहा सेकंद ऐकू येते,” असे त्या म्हणाल्या, आणि त्यांचे म्हणणे खरे होते. पुढच्या चौकापर्यंत गाड्यांचा वेग जवळपास पूर्वीइतकाच झालेला असे. त्या दिवसापासून एका घरासमोर एकच गतिरोधक देण्यास मी कधीही मान्यता दिलेली नाही.

म्हणून पहिले काम मोजण्याचे आहे, आणि त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. रस्त्याच्या कडेला टेपने 50 मीटर अंतर मोजून दोन्ही टोकांना खडूने रेघ मारावी किंवा दिव्याचे दोन खांब खुणेसाठी धरावेत. पुढचे चाक पहिल्या रेघेवर आले की मोबाइलचे स्टॉपवॉच सुरू करावे, दुसऱ्या रेघेवर बंद करावे, आणि 180 ला आलेल्या सेकंदांनी भागावे. येणारा आकडा म्हणजे ताशी किलोमीटरमधील वेग. गाडीला 6 सेकंद लागले तर वेग 30, 5 सेकंद लागले तर 36, 3.6 सेकंद लागले तर 50. अंतर 20 मीटरच घेतले तर बोटाच्या उशिराने होणारी चूक फार मोठी ठरते, म्हणून 50 मीटरचा आग्रह धरावा. पुढच्या गाडीमागे अडकलेली वाहने मोजू नयेत. जिच्यापुढे रस्ता मोकळा आहे अशीच गाडी मोजावी, कारण रस्ता चालकाला किती वेग देऊ करतो हे तिच्यावरूनच कळते. मोजणाऱ्याने शक्यतो चालकांच्या नजरेत भरेल असे उभे राहू नये. सकाळची, सायंकाळची आणि रात्रीची वेळ वेगवेगळी ठेवून प्रत्येक वेळी किमान 100 गाड्या नोंदवाव्यात. हे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावले की 85 वा आकडा महत्त्वाचा असतो: 100 पैकी 85 चालक त्या वेगाने किंवा त्याहून हळू जातात, आणि जगभरातील वाहतूक अभियंते रस्त्याचे वागणे याच आकड्यावरून तपासतात.

या मोजणीतून दोन गोष्टी पुढे येतात आणि दोन्ही रहिवाशांना सहसा अनपेक्षित असतात. ‘ऐंशीच्या वेगाने गाड्या जातात’ अशी तक्रार असलेल्या रस्त्यांवर 85 वा आकडा बऱ्याचदा 45 ते 50 च्या दरम्यान निघतो. याचा अर्थ रहिवासी अतिशयोक्ती करतात असा मुळीच नाही. पदपथापासून दोन मीटरवरून 50 च्या वेगाने जाणारी गाडी उभ्या माणसाला फार वेगवान वाटते, कारण तिथे ती खरोखरच धोकादायक असते. दुसरी गोष्ट अशी की, नोंदीत गाडीचा क्रमांकही टिपला तर त्यातल्या बऱ्याच गाड्या त्याच वस्तीतल्या निघतात. ही यादी मी कधीही भर बैठकीत वाचून दाखवत नाही. ज्यांच्या त्यांच्या घरी जाऊन शांतपणे सांगितले तर बहुतेक जण ऐकतात, आणि कोणताही खर्च न होता काही गाड्यांचा वेग कमी होतो.

50 चा वेग कमी वाटत असेल तर पुढचा हिशोब एकदा समजून घ्यावा. अचानक समोर मूल आले तर ते दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सावध चालकालाही साधारण एक सेकंद लागतो. ताशी 30 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी त्या एका सेकंदात 8 मीटरपेक्षा थोडी जास्त पुढे जाते, आणि कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लागला तर आणखी 5 मीटरमध्ये थांबते. म्हणजे एकूण 13 मीटर. 50 च्या वेगाने येणारा चालक पहिल्या सेकंदातच जवळपास 14 मीटर पुढे आलेला असतो. जिथे पहिली गाडी पूर्ण थांबलेली असते, तिथे दुसऱ्या गाडीचा ब्रेक अजून लागलेलाही नसतो, आणि त्या मुलाला धडक बसते ती पूर्ण 50 च्या वेगाने. 40 च्या वेगाने येणारी गाडीसुद्धा त्या जागी सुमारे 35 च्या वेगात असते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे 50 ची धडक 30 च्या धडकेच्या पावणेतीन पटींहून अधिक ऊर्जेची असते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग 1 टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे 4 टक्क्यांनी वाढतो. याच्या बदल्यात चालकाला काय मिळते? 500 मीटरच्या रस्त्यावर 30 ऐवजी 50 ने गेल्यास 24 सेकंद वाचतात, आणि तेही पुढच्या सिग्नलवर थांबावे लागले नाही तरच.

आता मूळ प्रश्न, म्हणजे पाटीचा उपयोग का झाला नाही. चालक वेग ठरवतो तो समोरचा रस्ता पाहून. पाटी त्याला जेमतेम दिसते. रस्ता रुंद आहे, दूरवर सरळ दिसतो आहे, कडेला काही अडथळा नाही आणि चौकातले वळण इतके ऐसपैस आहे की ब्रेक न दाबता वळता येते, असा रस्ता चालकाला ‘इथे पन्नासने जाता येते’ असे सांगत असतो, मग पाटीवर काहीही लिहिलेले असो. केवळ पाट्या बदलून निवासी रस्त्यांवरील सरासरी वेग ताशी एक-दोन किलोमीटरच उतरतो, असा इंग्लंडमधील मोजण्यांचा अनुभव आहे. म्हणून वेगमर्यादा हवीच, पण तिला रस्त्याची साथ हवी. ऑस्ट्रियातील ग्रात्स शहराने 1992 मध्ये मुख्य रस्ते वगळून सगळीकडे 30 ची मर्यादा लागू केली. 2020 मध्ये स्टॉकहोम येथील जागतिक परिषदेने, जिथे पादचारी आणि सायकलस्वार वाहनांच्या सान्निध्यात येतात तिथे 30 ही कमाल मर्यादा असावी असे जाहीर केले. त्यानंतर स्पेनने 2021 मध्ये, दोन्ही दिशांना एकेकच मार्गिका असलेल्या शहरी रस्त्यांसाठी तसा नियम देशभर केला. तुमच्या अर्जात ही उदाहरणे अवश्य द्यावीत, कारण 30 ची मागणी अवास्तव आहे असे उत्तर त्यामुळे कोणाला देता येणार नाही.

रस्त्याची साथ म्हणजे काय, तर तो रस्ता नजरेला आणि चाकाला हळू जायला सांगेल अशा पद्धतीने बांधणे. पहिली जागा चौकाच्या कोपऱ्याची. कोपऱ्याच्या कडेची गोलाई 9-10 मीटर त्रिज्येची असेल तर गाडी वळणावरही वेग फारसा कमी करत नाही. ती 3-4 मीटरवर आणली की आत शिरणारी प्रत्येक गाडी आपोआप हळू होते, आणि पादचाऱ्याला ओलांडायचे अंतरही कमी होते. वस्तीच्या तोंडाशीच हा बदल केला तर त्याचा परिणाम आत येणाऱ्या प्रत्येक गाडीवर होतो, म्हणून खर्च एकाच जागी करता येणार असेल तर मी कोपरा निवडतो. त्यानंतर मार्गाची रुंदी कमी करणे, पार्किंग एका बाजूला सलग ठेवण्याऐवजी काही अंतराने डावीकडे आणि मग उजवीकडे घेऊन सरळ रस्त्याला नागमोडी करणे, मध्येच दोन्ही पदपथ पुढे काढून एका वेळी एकच गाडी जाईल अशी चिंचोळी जागा ठेवणे, आणि पादचारी क्रॉसिंग पदपथाच्या पातळीला उचलून घेणे, असे उपाय येतात. नेदरलँड्समधील डेल्फ्ट शहरात 1960 च्या दशकाच्या अखेरीस रहिवाशांनी आणि नगर नियोजकांनी मिळून घरांसमोरचे रस्ते अंगणासारखे वापरता येतील असे घडवायला सुरुवात केली, आणि 1976 मध्ये त्या देशाने अशा रस्त्यांना कायद्यात जागा दिली. तिथे चालकाला आपण दुसऱ्याच्या अंगणात आलो आहोत हे पाटीशिवायच कळते.

गतिरोधकांना माझा विरोध नाही, फक्त ते नीट समजून घेऊन मागावेत. 1927 चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवणारे आर्थर कॉम्प्टन यांनी 1953 मध्ये आपल्या विद्यापीठाच्या आवारातील वेगवान गाड्या पाहून असे उंचवटे आखले होते, इतका हा उपाय जुना आहे. पण त्याचे चांगले आणि वाईट प्रकार आहेत. हातभर रुंदीचा, अंगावर येणारा उंच उंचवटा सर्वांत वाईट. हळू जाणाऱ्याला त्याचा गचका बसतो, वेगाने जाणाऱ्याचा धक्का मात्र बराचसा टायर आणि सस्पेन्शन पचवतात, म्हणजे शिक्षा नेमकी उलट्या माणसाला होते. योग्य गतिरोधक सुमारे 3.7 मीटर लांब आणि 75 ते 100 मिलिमीटर उंच असतो, त्याची चढण लाटेसारखी हळूहळू सुरू होते आणि हळूहळू संपते, त्यावर रात्रीही दिसणारे पट्टे असतात. महत्त्वाचे म्हणजे तो एकटा नसतो. दोन गतिरोधकांमध्ये 60 ते 100 मीटर अंतर ठेवून मालिका केली तर मध्ये वेग वाढवण्यात चालकाला काही अर्थ उरत नाही आणि तो एकाच संथ वेगाने जातो. तुमच्या 500 मीटरच्या रस्त्याला असे पाच-सहा लागतील. अवजड वाहनांची ये-जा असेल तर मात्र मालिकाही टाळावी, कारण रिकाम्या ट्रकचा सांगाडा गतिरोधकावर फार आपटतो. रुग्णवाहिकेचा मार्ग असेल तर सलग गतिरोधकाऐवजी सुटे, कमी रुंदीचे चौथरे ठेवतात. मोठ्या वाहनाची चाके त्यांच्या दोन्ही बाजूंनी निघून जातात, मोटारीला मात्र निदान एका बाजूचे चाक चढवावे लागते. या रचनेत दुचाकी मधल्या फटीतून सहज निसटते, हे आधीच ठाऊक असावे.

सिग्नल चुकवण्यासाठी आत शिरणाऱ्या गाड्यांचा प्रश्न याहून वेगळा आहे आणि त्याला माझ्या मते एकच खात्रीचा उत्तरमार्ग आहे: तो रस्ता आरपार जाण्याच्या उपयोगाचा ठेवू नये. मध्यावर किंवा आतल्या एखाद्या चौकात तिरप्या ओळीत खांब किंवा झाडांच्या कुंड्या लावल्या की पादचारी आणि सायकली पलीकडे जातात, प्रत्येक घरापर्यंत गाडीही पोहोचते, पण एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने बाहेर पडता येत नाही. अग्निशमन दलासाठी त्यातील एक खांब किल्लीने काढता येईल असा ठेवतात. बार्सिलोनाने रस्त्यांनी वेढलेल्या इमारतींच्या नऊ-नऊ चौकोनांचे गट करून आतील रस्त्यांवर हेच तत्त्व वापरले आहे. याला रहिवाशांचाच विरोध होतो, कारण प्रत्येकाला स्वतःच्या घरी जाण्यासाठी एखादा वळसा पडतो. त्यांना आधी विश्वासात घेऊन काही महिन्यांसाठी हलवता येणाऱ्या कुंड्यांनी प्रयोग करून दाखवावा. कागदावरच्या नकाशावर भांडणारी माणसे स्वतःची मुले रस्त्यावर खेळताना पाहून मत बदलतात, हे मी पाहिले आहे.

आता आवाजाकडे वळतो. साध्या, नीट ठेवलेल्या मोटारीचा वेग ताशी 30-40 किलोमीटरच्या पुढे गेला की इंजिनापेक्षा टायर आणि रस्ता यांच्या घर्षणाचा आवाज वरचढ होतो. म्हणूनच 50 वरून 30 वर आल्यास रस्त्याचा एकंदर आवाज साधारण 2 ते 3 डेसिबलने उतरतो, आणि म्हणूनच विजेवरच्या गाड्या भरधाव असतील तर त्या आपण समजतो तितक्या शांत नसतात. पण रात्री अकराची झोपमोड करणारी गाडी या वर्गातली नाही. सायलेन्सरमध्ये कप्पे, छिद्रांच्या नळ्या आणि आवाज शोषणारे तंतू असतात; ते काढून मोकळी नळी बसवली की इंजिनाचा प्रत्येक स्फोट सरळ बाहेर पडतो. फटाके फुटल्यासारखा आवाज येत असेल तर बहुधा इंजिनाच्या संगणकातील नोंदी बदललेल्या असतात, जेणेकरून एक्सिलरेटर सोडल्यावर थोडे इंधन सायलेन्सरच्या नळीत जाऊन तिथे पेटावे. अशी गाडी 30 ने जात असली तरी तितकीच त्रासदायक असते, आणि गतिरोधक तिला थांबून पुन्हा गुरगुरण्याची एक जागाच देतो.

या आवाजाबाबत अर्ज करताना एका गोष्टीकडे लक्ष द्यावे, कारण इथे अनेक तक्रारी फेटाळल्या जातात. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये युरोपसाठी दिलेल्या मार्गदर्शनात रस्त्यावरील वाहतुकीच्या आवाजाची रात्रीची सरासरी 45 डेसिबलच्या खाली असावी असे म्हटले आहे. समजा तुमच्या खिडकीबाहेर रात्रभर 40 डेसिबलची शांतता आहे आणि एकच गाडी 2 सेकंद 85 डेसिबलने ओरडत गेली. डेसिबल हे लघुगणकी माप असल्यामुळे (दर 10 डेसिबलला ऊर्जा दहापट होते) या दोन सेकंदांतली ध्वनिऊर्जा उरलेल्या आठ तासांतल्या ऊर्जेच्या दुपटीहून अधिक भरते, तरीही आठ तासांची सरासरी येते जेमतेम 45. म्हणजे सगळी वस्ती दचकून उठली, तान्ही बाळे रडली, आणि अहवालात मात्र रात्र मर्यादेच्या काठावर, जवळजवळ नियमात बसली. म्हणून सरासरी मागू नये. त्या क्षणाची कमाल पातळी आणि रात्रीतून असे प्रसंग किती, हे दोन आकडे मागावेत. मोबाइलवरील डेसिबल मोजणारे ॲप पुरावा म्हणून चालत नाही, पण कोणत्या रात्री किती वेळा आवाज उसळला हे दाखवायला ते पुरते.

खरा उपयोगी पुरावा म्हणजे साधी वही. तारीख, वेळ मिनिटापर्यंत, दिशा, गाडीचा प्रकार आणि रंग, जमला तर क्रमांक. आवाज जाताना चढत गेला की फटाके फुटले. असे तीन-चार वेगवेगळ्या घरांनी एकमेकांना न विचारता तीन आठवडे लिहावे. अशा वह्या शेजारी शेजारी ठेवल्या की एकच गाडी आठवड्यातले ठरावीक दिवस, ठरावीक अर्ध्या तासात जाते असे जवळजवळ नेहमी दिसते. वाहतूक पोलिसांना ‘रोज रात्री त्रास होतो’ असे सांगितले तर त्यांच्याकडे माणूस पाठवायला वेळ नसतो. ‘मंगळवार आणि शुक्रवार, 11:10 ते 11:40’ असे सांगितले तर एका फेरीत काम होते. तपासणीतही गाडी चालवून पाहावी लागत नाही: गाडी उभी ठेवून, सायलेन्सरच्या तोंडापासून अर्धा मीटर अंतरावर 45 अंशांच्या कोनात मायक्रोफोन धरून, ठरलेल्या फेऱ्यांवर इंजिन नेऊन आवाज मोजतात आणि त्या मॉडेलच्या मंजूर आकड्याशी ताडून पाहतात. पॅरिसमध्ये 2022 पासून, आवाज कोणत्या गाडीतून आला हे अनेक मायक्रोफोनांच्या साहाय्याने ओळखून क्रमांकाचे छायाचित्र घेणाऱ्या यंत्रांची चाचणी सुरू झाली. जिथे अशी यंत्रे नाहीत तिथे वही हेच यंत्र आहे.

वहीतली गाडी शेजाऱ्याचीच निघाली तर पोलिसांच्या आधी घरातील वडीलधाऱ्या माणसाने दिवसाढवळ्या एकदा जाऊन भेटावे. रात्री गाडी अडवून, चारचौघांत, रागाने बोललेले एक वाक्य महिनाभराचा हट्ट निर्माण करते. पाठलाग करू नये, रस्त्यात आडवे उभे राहू नये, आणि स्वतः सिमेंट टाकून किंवा जाड दोर आडवा टाकून गतिरोधक करू नये. पट्टे नसलेल्या अशा उंचवट्यावरून रात्री पडतो तो बहुधा दुचाकीवरून कामावरून परतणारा निरपराध माणूस.

अर्ज दोन करावेत. वेगाचा अर्ज रस्त्याची देखभाल करणाऱ्या संस्थेकडे, त्यासोबत मोजणीचा तक्ता, मागणी ‘गतिरोधक बसवा’ अशी न लिहिता ‘85 वा वेग 30 वर आणा’ अशी. साधन कोणते वापरायचे ते अभियंत्याला ठरवू द्यावे, पण आकडा तुमचा असावा. आवाजाचा अर्ज वाहतूक पोलिसांकडे, त्यासोबत वह्यांच्या प्रती. काम झाल्यावर तीन महिन्यांनी त्याच दोन रेघांवर, त्याच वेळांना, पुन्हा 100 गाड्या मोजाव्यात, आणि त्याच दिवशी शेजारच्या समांतर रस्त्यावरही मोजाव्यात. तिथला आकडा वाढलेला असेल तर गाड्यांचा वेग कमी झालेला नाही, त्या फक्त दुसऱ्या खिडकीखालून जाऊ लागल्या आहेत, आणि पुढचा अर्ज दोन्ही रस्त्यांनी मिळून करावा लागेल.